सोलापूरला येणाऱ्यांची गाडी कुठे आहे, साहेब?

प्रति,
गाड्यांच्या वेळा ठरवणारे साहेब,
भारतीय रेल्वे



तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते शोधावं असंही वाटलं नाही. तुमच्या खुर्चीत माणसं येतात, बदली होऊन जातात आणि सोलापूरच्या वेळापत्रकाचा सांगाडा तसाच राहतो. म्हणून हे पत्र त्या खुर्चीला, आणि आज तिच्यावर जो कोणी बसला असेल त्याला. आरोप एका वाक्याचा आहे. सकाळी सोलापूर सोडून जाणाऱ्याचा तुम्ही विचार केलात, सकाळी सोलापुरात कामाला येणाऱ्याचा केला नाहीत. तो रोज येतो, कसाही येतो, चेंगरून येतो, आणि त्याचे हाल तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

वेळापत्रक समोर घ्या. सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला सोलापुरातून दोन नावाजलेल्या गाड्या पश्चिमेकडे सुटतात, मुंबईची वंदे भारत आणि पुण्याची हुतात्मा. दोन्ही रात्री उशिरा परततात. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री इथून निघते आणि उजाडताना मुंबईला पोचते. तिकडूनही रात्रीच निघते आणि सकाळी सोलापुरात येते, म्हणजे ती मुंबईहून झोपून येणाऱ्यांची. या गाड्या लोकांच्या उपयोगाच्या आहेत. त्यांच्या चाकाला कुणी हात लावावा असं मी म्हणत नाही. मी फक्त दिशा बघायला सांगतोय. तुमच्या लेखी सोलापूर हे निघून जायचं गाव आहे. इथं कुणाला तरी यायचं असतं, तेही ठरलेल्या वेळेला यायचं असतं, ही गोष्ट तुमच्या डोक्यात शिरलेली दिसत नाही.

कोण येतं ते मी सांगतो. कुर्डुवाडी, माढा, मोहोळकडून कॉलेजची पोरं येतात. विद्यापीठ केगावला आहे, 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेलं, आणि त्याच्या जवळचं बाळे स्थानक तुमच्याच पुणे मार्गावर आहे. चिंचोळीची एमआयडीसी मोहोळ आणि सोलापूरच्या मधे आहे, पाकणी स्थानक त्याच पट्ट्यात. पूर्वेकडून दुधनी, अक्कलकोट रोड, तिलाटी, होटगीची माणसं येतात, एका वाक्यात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी. कुणाला सिव्हिलमध्ये केसपेपर काढायचा असतो, आणि तो सकाळीच काढावा लागतो. कुणाची कोर्टात तारीख असते. कुणी नव्या पेठेत दुकानात कामाला आहे, कुणी चाटी गल्लीत, कुणी झेडपीत, कुणी नर्सिंगला. यातल्या कुणालाही पहाटे चारला पोचवून उपयोग नाही आणि दुपारी बाराला पोचवूनही नाही. त्यांना नऊच्या आत सोलापुरात उतरायचं असतं आणि सहा वाजून गेल्यावर घरी निघायचं असतं. मुंबईतल्या शाळकरी पोरालाही कळणारं हे गणित आहे. तुमच्या खात्यात ते फक्त मुंबईपुरतं कळतं.

पूर्वी आम्हाला एक ठरलेलं उत्तर मिळायचं. मार्ग एकेरी आहे, जागा नाही, क्रॉसिंगला वेळ जातो. ते खरंही होतं. पॅसेंजर लूप लाइनला घालून एक्सप्रेस पुढे काढायची आणि पॅसेंजरमधल्यांनी खाली उतरून सिग्नलकडे बघत बसायचं, हे या मार्गावर दोन-तीन पिढ्यांनी सोसलं. मग दुहेरीकरणाचं काम निघालं. वर्षानुवर्षं खडीचे ढीग, बंद फाटकं, ब्लॉक घेऊन रद्द केलेल्या गाड्या, तेही या गावांनी सोसलं, कारण प्रत्येक वेळी सांगितलं जायचं की एकदा दुसरा रूळ पडला की लोकांची सोय होईल. 2022 साली दौंड ते वाडी दरम्यानचं दुहेरीकरण पुरं झालं. वीज आली. सबब संपली.

मग त्या दुसऱ्या रुळावर पहिलं मानाचं पान कुणाला वाढलंत? 10 फेब्रुवारी 2023 ला वंदे भारत सुरू झाली. झेंडा दाखवायला पंतप्रधान आले. मुंबई साडेसहा तासांवर आली, हे चांगलंच झालं. पण त्या गाडीत जनरलचा डबा नाही, पास चालत नाही, आणि मोहोळचा फलाट तिच्या दृष्टीने फक्त बाजूने मागे पळणारं सिमेंट आहे. जागा नाही म्हणत होतात ना? वंदे भारतला जागा सापडली. ज्यांना तुम्ही वीस-पंचवीस वर्षं जागा नाही म्हणून परत पाठवलंत, त्यांच्यासाठी ती अजून सापडलेली नाही.

उलट जे होतं त्यातलंच गेलं. कोविडच्या टाळेबंदीनंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं नाव लावून किमान भाडं 10 रुपयांवरून 30 रुपये केलं गेलं. ते पूर्ववत व्हायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. दहा रुपयांत मोहरमच्या किंवा गड्ड्याच्या जत्रेला येणारी बाई त्या काळात वडापच्या जीपमध्ये बसायला शिकली आणि तिथेच राहिली. तुमच्या तक्त्यात ती प्रवासी म्हणून कमी झाली असणार. ती प्रवास करायची थांबली नाही, साहेब. तिने तुमची गाडी सोडली, कारण आधी तुम्ही तिला सोडलंत.

एकदा संध्याकाळी सोलापूरच्या फलाटावर या. पाहणीच्या सलूनमधून नको, जनरलचं तिकीट काढून या. दक्षिणेकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी लागते. जनरलचे डबे एक तर अगदी पुढे, नाही तर अगदी मागे. कुठं उभं राहायचं यावर फलाटावर आधीच वाद चाललेला असतो. गाडी थांबायच्या आत पोरं दांडी धरून सोबत पळायला लागतात. दारात मजूर बसलेले असतात, रात्रीपासून तसेच, पायाशी गोण्या. ते उठणार नाहीत, त्यांना अजून कितीतरी तास पुढे जायचंय. सिव्हिलमधून निघालेली एक बाई, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. पाकीट वाकू नये म्हणून ती ते डोक्यावर आडवं धरते. आत शिरता येईना तेव्हा ती आधी पाकीट आत देते. ते हातोहात पुढे सरकत संडासाच्या दाराशी जाऊन थांबतं, कारण उभं राहायला तेवढीच जागा उरलेली असते. मागून ती स्वतः तिथवर पोचते आणि मोहोळ येईपर्यंत त्या दाराला पाठ लावून उभी राहते. ज्याला आत जायचंय तो तिच्यावर खेकसतो. ती अंग आवळून घेते, तो आत जातो, पुन्हा ती दाराला टेकते.

या डब्यात भांडणं होतात. लांबचा माणूस म्हणतो, तीस-पस्तीस किलोमीटरसाठी आमच्या गाडीत कशाला घुसता, एसटीने जा. मोहोळचा म्हणतो, गाडी तुझ्या बापाची आहे का? पासवाले स्लीपरमध्ये शिरतात, तिथं बर्थ घेतलेला माणूस टीसीला हाक मारतो, टीसी पावतीबुक काढतो. सगळेच खरं बोलत असतात आणि सगळेच एकमेकांवर ओरडत असतात. ज्याच्यामुळे हे सगळं लागलं तो मात्र त्या डब्यात नसतो. तो तुम्ही आहात. शेजारच्या गावाला जाणाऱ्याला स्वतःची गाडी दिली असती तर चेन्नई-बंगळुरूच्या गाडीतली निम्मी झोंबाझोंबी सोलापूर ते कुर्डुवाडीच्या टप्प्यातच मिटली असती. नवी गाडी ही मोहोळवाल्यांवर मेहेरबानी नाही. लांबच्या प्रवाशाला मोकळा श्वास मिळायचा रस्ताही तोच आहे.

तुमची आवडती ढाल मला ठाऊक आहे: मागणी नाही, प्रतिसाद नाही. मागणी तुम्ही मोजता कशी? विकलेल्या तिकिटांवरून. गाडी नाही त्या वेळेचं तिकीट कोण काढणार? गाडी अवेळी ठेवायची, तीही उशिरा सोडायची, लोक वैतागून मोटारसायकल घेतात, डबे रिकामे जातात, मग रिकाम्या डब्यांचा आकडा दाखवून ती गाडीच काढून टाकायची. या पद्धतीने तुम्ही देशातली कुठलीही गाडी तोट्यात दाखवू शकता. चर्चगेटची सकाळी आठची लोकल पहाटे अडीचला ठेवा आणि मग प्रतिसाद मोजा. मागणी बघायची असेल तर तिकीट खिडकीवर न बघता मोहोळच्या एसटी स्टँडवर सकाळी साडेसातला उभे राहा. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सरकारने ते चांगलं केलं, आणि त्यानंतर त्या बसच्या पायरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. ती सगळी गर्दी रुळापासून फार लांब नाही. तिला कुणी रुळाकडे बोलावलेलं नाही.

आणि जी पोरं बसमध्ये मावत नाहीत ती मोटारसायकलवरून हायवेला लागतात. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पहिल्या रांगेत बसणारा हा जिल्हा. हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाजूला ऊस हातभर बाहेर आलेला. नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर घरी परतणाऱ्या कॉलेजच्या पोराला त्या ट्रॉलीची मागची बाजू दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. या अपघातांच्या पंचनाम्यात रेल्वेचं नाव कधीच येत नाही. माझ्या मते यायला हवं. सोबत दोन रूळ धावत होते, दोन्ही विजेचे, आणि त्या वेळेला त्या पोराला बसता येईल अशी गाडी नव्हती.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि माणसं गेली. लगेच दारं बंद होणाऱ्या डब्यांची, कार्यालयांच्या वेळा बदलण्याची भाषा सुरू झाली. मुंबईला निदान मेल्यावर तरी विचारतात. सोलापूरकडून मेलेल्यांच्या आकड्याची वाट बघू नका.

आता तुमच्या अडचणी. त्या मी टाळत नाही. मालगाड्यांना वाट द्यावी लागते, हे मान्य. वाडी-शहाबादचं सिमेंट याच मार्गाने जातं, होटगीजवळच्या 1320 मेगावॉटच्या एनटीपीसी प्रकल्पाला कोळसा लागतो, आणि मालवाहतुकीच्या पैशावर तुमचा संसार चालतो. पण आम्ही दिवसभराचा रूळ मागत नाही. सकाळचे दोन तास, संध्याकाळचे दोन तास. सिमेंटच्या गोणीला नऊच्या आत कामावर हजर व्हायचं नसतं.

गाडीही नवलाची नको. मेमू पुरे. तिला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, त्यामुळे कुर्डुवाडीला किंवा दुधनीला इंजिन काढून फिरवून जोडायची कटकट नाही. मोटारी एकाच इंजिनात नसून गाडीत वाटून बसवलेल्या असतात, म्हणून ती थांबली तरी लगेच वेग घेते आणि मागच्या एक्सप्रेसला फार रखडवत नाही. लहान थांब्यांची गाडी मुख्य मार्ग अडवते ही तक्रार इंजिनाने ओढायच्या जुन्या पॅसेंजरची होती. ती गाडी गेली, तक्रार मात्र तुम्ही जपून ठेवलीत.

डबे नाहीत म्हणाल. आषाढीला कुठून येतात? दरवर्षी पंढरपूरच्या वारीसाठी तुम्ही राज्याच्या कानाकोपऱ्यातून विशेष गाड्या सोडता. डबे मिळतात, चालक मिळतात, गार्ड मिळतात, कुर्डुवाडीला वाटही मिळते. त्याबद्दल वारकरी तुम्हाला दुवा देतात आणि तो तुमचा हक्काचा आहे. म्हणजे मनात आणलंत तर तुम्हाला सगळं जमतं. याच कुर्डुवाडीहून 1897 साली एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली, आणि 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली. नफ्यासाठी काढली होती, धर्मादाय नव्हती. पण कोणाला कुठं जायचंय हे त्याने आधी पाहिलं आणि मग गाडी काढली.

पैशाचं म्हणाल, तर तुम्ही तिकिटावरच छापून ठेवलं होतं की रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी 57 टक्केच रक्कम वसूल करते. त्या तिकिटावर उपकाराची ही ओळ वाचत आम्ही संडासाच्या दाराशी उभे राहायचो. उरलेले 43 टक्के कुणाच्या घरचे नाहीत, ते आमच्याच करातून आणि आमच्याच कांद्याच्या, सिमेंटच्या भाड्यातून येतात. आणि तोट्याचाच धसका असेल तर 16 सप्टेंबर 2024 ला अहमदाबाद-भूज मार्गावर नमो भारत रॅपिड रेल सुरू केलीत, तिथं तो कुठं गेला होता? ती 359 किलोमीटर धावते, वातानुकूलित आहे आणि तिला आरक्षण लागत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये तशीच गाडी जयनगर-पाटण्याला दिलीत. सोलापूर-पुणे 264 किलोमीटर आहे. दौंडला, कुर्डुवाडीला, मोहोळला लोक उभे आहेत. भूजच्या प्रवाशाचा मला हेवा नाही, त्याला मिळालं ते योग्यच मिळालं. आमच्या वाट्याला ते का नाही, याचं उत्तर मला तुमच्या सहीने हवंय.

रविवारच्या रात्रीबद्दलही थोडं सांगायला हवं. या गावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यानंतर सोलापूरची पोरं पुण्याला गेली, हिंजवडीला, चाकणला, स्पर्धा परीक्षांच्या क्लासला. शुक्रवारी संध्याकाळी ती इकडे येतात, रविवारी रात्री तिकडे जातात. त्या दोन रात्रींत जनरलच्या डब्यात काय होतं ते वर सांगितलंच आहे, फक्त पिशव्यांच्या जागी सॅक आणि चटणी-भाकरीचे डबे. ज्यांना ते झेपत नाही ते ट्रॅव्हल्सने जातात, आणि सणाच्या दिवसांत ट्रॅव्हल्सवाले काय भाव लावतात हे विचारायला तुम्हाला कुणाच्याही घरी जाता येईल. दर आठवड्याला, ठरलेल्या दोन रात्री, ठरलेल्या दिशेने होणारी गर्दी. यापेक्षा सोपं भाकीत तुमच्या खात्याला दुसरं मिळणार नाही. त्यासाठी बिनआरक्षणाची एक जादा गाडी कायमची लावायला अभ्यासगट लागत नाही.

या शहरासाठी अवघड गोष्टी झाल्या नाहीत असंही नाही. विमानाला अडसर होतो म्हणून 2023 च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. त्यावरून गावात किती वाद झाले ते आठवतंय. 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. उडणाऱ्यांची संख्या किती आणि रोज अप-डाऊन करणाऱ्यांची किती, याची बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा. अप-डाऊनवाल्यांच्या वाटेत चिमणी नाही. काहीही पाडायचं नाही, काही नवं बांधायचंही नाही. एका तक्त्यात दोन ओळी लिहायच्या आहेत.

त्या ओळी मी इथेच देतो. कुर्डुवाडीहून सातच्या सुमाराला सुटणारी, मधल्या प्रत्येक लहान स्थानकावर थांबत नऊच्या आत सोलापूरला पोचणारी मेमू, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला तीच परत. दुधनीहून तशीच एक, अक्कलकोट रोड, तिलाटी, होटगी घेत, त्याच वेळांना. दोन्ही गाड्यांवर मासिक पास. दोन्हींत बायकांसाठी पुरते डबे, एक कोपरा नव्हे. सहा महिने वेळेवर चालवा, एक दिवसही न चुकवता, आणि मग प्रवासी मोजा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या नव्या मार्गाचं भूमिपूजन 9 जानेवारी 2019 ला झालं. तो सुरू होईल तेव्हा तुळजापूरहून सकाळी येणारी गाडी पहिल्या दिवसापासून वेळापत्रकात धरा, दहा वर्षांनी निवेदनं घ्यायला बसू नका.

निवेदनांवरून सांगतो. तुमच्या खात्यात निवेदन दिलं की पोच मिळते आणि पोच मिळाली की विषय संपतो. या पत्राची पोच नको. वर मागितलेल्या दोन गाड्यांपैकी प्रत्येकीसमोर होय किंवा नाही लिहा. नाही असेल तर कारण लिहा, आणि त्या कारणात एकेरी मार्ग हे शब्द वापरू नका.

कळावे,
मोहोळ-सोलापूर अप-डाऊन करणाऱ्यांपैकी एक

ता. क. गाडी द्यायचं ठरलंच तर मांडव, पाहुणे, त्यांची तारीख मिळेपर्यंत थांबणं, यात एक महिनाही घालवू नका. सोमवारी सकाळी कुर्डुवाडीच्या फलाटावर लावा आणि वेळ झाली की सोडा. गार्डचा हिरवा झेंडा पुरतो.